जानेवारीच्या पानावर दोन चंद्र

१

जानेवारीच्या पानावर दोन चंद्र होते.

एक मोठा, पिवळट, डोंगराच्या खांद्यावर टेकलेला. दुसरा लहान, निळसर, उजवीकडच्या झाडाच्या फांद्यांत अडकल्यासारखा. खाली हिरवंगार शेत, शेतात स्वच्छ मातीचं खळं, खळ्यावर धान्याची रास. आणि चौकटीखाली बारीक अक्षरात छापलेलं : ‘आपलं शेत, आपला फोटो. प्रथम पारितोषिक. छायाचित्र : स्वतः.’

आर्वीच्या हिरवळ भाजीपाला उत्पादक संघात मंजुषा गुल्हाने ही एकटीच कंत्राटी कर्मचारी होती. म्हणजे कारकून तीच, टंकलेखक तीच, आणि काही बिघडलं तर जबाबदार व्यक्तीही तीच. संघाच्या नव्या दिनदर्शिकेचे तीनशे नग काल वाटून झाले होते. उरलेले साडेसात हजार तिच्या टेबलाभोवती रचून ठेवले होते, त्यामुळे खुर्चीत बसायचं तर आधी एका गठ्ठ्यावर चढून दुसऱ्यावरून उतरावं लागत होतं.

ती चढत असतानाच पहिला फोन आला.

“भाजीपाला संघ का? मी केळझरहून बोलतो. चतुर्थीचा उपास कोणता चंद्र पाहून सोडाचा?”

“मोठा पाहून.”

“अन् लहाना पयले उगवला तं?”

मंजुषानं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. या प्रश्नाला उत्तर नाही हे लक्षात यायला तिला चौदा फोन लागले. पंधरावा फोन उचलायच्या आत अध्यक्ष बापूराव दारात उभे राहिले. ते गठ्ठ्यांवर चढले नाहीत. अध्यक्षांनी चढायचं नसतं.

“मंजुषा, चंद्र किती असतात?”

“एक, साहेब.”

“मंग?”

“निवड तुम्हीच केली होती, साहेब.”

“तवा फोटो पोस्टकार्डाएवढा होता. अन् मी पीक पाहून राह्यलो होतो. आभाळाकडं कोण पाहते?” बापूरावांनी दिनदर्शिका डोळ्यांपासून लांब धरली. “अन् हा ‘स्वतः’ कोण हाये? कोण्या गावचा?”

मंजुषानं स्पर्धेचा अर्ज काढला. तक्रारपेटीत टाकलेल्या त्रेचाळीस अर्जांपैकी हा सत्ताविसावा. ‘अर्जदाराचे नाव’ हा रकाना कोरा होता. ‘शेत कोणाच्या नावे आहे’ यापुढे मोठ्या, सावकाश अक्षरांत लिहिलं होतं : स्वतःच्या. ‘छायाचित्र कोणी काढले’ यापुढे : स्वतः. निकाल लागला त्या दिवशी प्रेसवाल्याचे दर दहा मिनिटांनी फोन येत होते, आणि अर्जात जे लिहिलं होतं तेच मंजुषानं टाईप करून पाठवून दिलं होतं.

“म्हणजे नाव न पाहता तुम्ही छापलं.”

“आणि तुम्ही चंद्र न पाहता निवडलं.”

हे बोलायला नको होतं, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. बापूरावांनी दिनदर्शिकेची गुंडाळी केली.

“आज तीन वाजता कार्यकारिणी हाये. विषय क्रमांक सात, तुमच्या करारनाम्याची मुदतवाढ. त्याच्या आधी ज्यानं आपल्याले फसवलं त्याचं नाव अन् सहीचा माफीनामा माह्या हातात पायजे. नाई तं तुमचा राजीनामा चालन.”

मंजुषाची नोकरी गेली की कारंज्याला भावाच्या ढाब्यावर गल्ल्यावर बसायचं, हे घरी सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं. सगळ्यांनी म्हणजे मंजुषा सोडून सगळ्यांनी. तिनं घड्याळ पाहिलं. पावणेअकरा.

२

पहिला संशय प्रेसवाल्या कैलासवर. गावातल्या वाढदिवसांचे फ्लेक्स तोच करायचा. हयात नसलेल्या आजोबांना नातवाच्या केकशेजारी उभं करणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ. त्याला एक चंद्र जास्तीचा चिकटवायला किती वेळ लागणार?

“मी चिकटवला असता तं गोल चिकटवला असता,” कैलास म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर दुखावलेला दिसत होता. “पाहा नं ताई, लहाना चंद्र एका बाजूनं चेपलेला हाये. मी चेपलेलं काम करत नाई. अन् मले त्याचे पैसे कोणं सांगतले होते?”

“मग मूळ फोटोतच होता?”

“मूळच्या फोटोत बारीक होता. मी तं मोठा करून थोडा उजेड वाढवला. तवा दिसला.”

“दिसला तेव्हा सांगितलं का नाहीस?”

“मले वाटलं, संघाचा हाये,” कैलास म्हणाला.

 मंजुषा त्याच्या टेबलावरचा मूळ फोटो उचलून बाहेर पडली.

दुसरा संशय आकांक्षावर, आणि हा चांगला जाडजूड संशय होता. आकांक्षा लग्नांचे फोटो काढायची, बसस्टँडमागं तिचा स्टुडिओ होता. गेल्या वर्षी याच स्पर्धेत तिचा सूर्योदय पहिला आला होता आणि छापताना सूर्याच्या जागी बापूरावांचा चेहरा आला होता. तेव्हा ती कार्यालयात येऊन म्हणाली होती की पुढच्या वर्षी तुम्हाला असा फोटो मिळेल की जन्मभर लक्षात राहील.

“म्हटलं होतं मी,” आकांक्षानं कबूल केलं. ती एका नवरदेवाच्या गालावरचा फोड संगणकावर पुसत होती. “पण मंजुषाताई, मी यावर्षी अर्जच केला नाई. मले पुन्हा त्या माणसाचं तोंड सूर्यात पाहाचं नव्हतं.”

“तू न टाकता दुसऱ्याकडून टाकलास तर?”

“दाखवा इकडं.”

तिनं फोटो दिव्याखाली धरला. नवरदेव अर्धा फोड घेऊन तसाच थांबला. आकांक्षानं आधी गवत पाहिलं, मग झाडाची पानं, मग धान्याची रास. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

“ताई, हे गवत मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. अन् आता पुन्हा इथून. आठवं पातं पहिल्यासारखंच हाये. नववं दुसऱ्यासारखं. तुमच्या शेतातलं गवत असं रांगेत शिकवल्यासारखं उगवते का?”

“नाही.”

“हा फोटो कॅमेऱ्यानं काढलेलाच नाई. अन् ताई,” आकांक्षा म्हणाली, “ही जागा पृथ्वीवरची नाई.”

३

पृथ्वीबाहेर जायचं असेल तर आर्वीत एकच रस्ता होता : नीरजचा गेम झोन. पोहे-कचोरीच्या दुकानाच्या वर, लोखंडी जिना चढून. फोटोच्या मागच्या बाजूला त्याच्याच छपाईयंत्राचा जांभळा पट्टा उमटलेला होता, हे आकांक्षानंच दाखवलं.

मंजुषा पोचली तेव्हा सव्वा वाजला होता आणि लाईन गेलेली होती. सहा पडदे काळे ठप्प. नीरज काऊंटरवर डोकं टेकून बसला होता. कोपऱ्यातल्या खुर्चीत मंदाबाई ढोले बसल्या होत्या, पायाशी रिकामं टोपलं. सकाळी बाजारात वांगी आणि कोथिंबीर विकून झालं की त्या एकच्या गाडीची वेळ होईस्तोवर इथं टेकायच्या. जिन्याखाली बसणाऱ्या पानवाल्यापासून वरच्या पोरांपर्यंत सगळे त्यांना मंदाकाकू म्हणायचे.

“लाईन कधी येणार?” मंजुषानं विचारलं.

“चार वाजता म्हणतात,” मंदाबाईंनीच उत्तर दिलं. “तार बदलून राह्यले.”

मंजुषानं फोटो नीरजसमोर ठेवला. नीरजनं डोकं न उचलता एका डोळ्यानं पाहिला.

“आमच्याकडचा हाये,” तो म्हणाला. “तलवारीवाल्या गेमातला. त्याच्यात दोन चंद्र असतात.”

“हे तू सकाळीच सांगायला पाहिजे होतंस.”

“मले कोणं पुसलं?”

यावर मंजुषाला रडू आलं असतं, पण तीनला कार्यकारिणी होती. तिनं खुर्ची ओढली. “गेममध्ये फोटो कसा काढतात ते सांग. मी बापूराव आहे असं समजून सांग.”

नीरज सरळ बसला. या विषयावर त्याला कोणी पहिल्यांदाच विचारत होतं.

“पयले गेम म्हणजे मारामारी. समोर आला की ठोक. आता काय झालं, गेम बनवणाऱ्यायनं त्याच्यात फोटो मोड टाकला. एक बटन दाबलं की सारं जग जागच्या जागी थांबते. वारा थांबते, उडता पक्षी हवेत थांबते, राक्षस तोंड वासून थांबते. मंग तुम्ही कॅमेरा घेऊन चहूकडं फिरा. सूर्य वर करा, खाली करा. धुकं घाला. आपला हिरो नको असन तं त्याले लपवा. अन् काढा फोटो. आता जो नवा गेम येते त्याच्यात फोटो मोड असतेच. जगात लोक त्याच्या स्पर्धा भरवून राह्यले, प्रदर्शनं लावून राह्यले.”

“आणि आर्वीत?”

“आर्वीत माह्यं वाटोळं झालं. चौघं मिळून एक लढाई खेळाले येतात. एकाले फूल दिसते. तो बटन दाबून थांबते. बाकीचे तिघं त्याले अर्धा घंटा शिव्या देतात. आठ दिवसांपासून एक राजवाडा जळून राह्यला, कोणी इझवतच नाई. ज्वाला चांगल्या येतात म्हणे फोटोत.”

“हा फोटो कोणी काढला?”

“दिवसाले साठ फोटो छापतो मी. कोणाकोणाचे ध्यानात ठेवू?”

“तू काढलास? जाहिरातीसाठी?”

“मी काढला असता तं खाली झोनचं नाव टाकलं असतं,” नीरज म्हणाला, आणि हे इतकं खरं होतं की मंजुषानं त्याला तिथंच सोडून दिलं. “अन् ताई, पाहा, शेताच्या फाटकावर पाटी असते. ज्याचं शेत त्याचं नाव त्या पाटीवर. पण यानं फोटो आतून काढला. पाटीची पाठ दिसते नुसती.”

“मशीन सुरू करून पाहता येईल?”

“चारले.”

खालून गाडीचा हॉर्न वाजला आणि कंडक्टरची घंटी. एकची गाडी वीस मिनिटं उशिरा निघाली. मंजुषानं हताश होऊन फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला, मग मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मोठा करून पाहिला. खळ्याच्या कडेला मातीवर काही खुणा होत्या.

पावलं होती ती. फाटकापासून खळ्याच्या कडेपर्यंत बुटांचे ठसे. कडेच्या आत, राशीपर्यंत, पाच बोटांचे अनवाणी पाय.

४

“नीरज, हिरो लपवला तर त्याची पावलं लपतात का?”

“नाई. पावलं जमिनीवरची. हिरो लपते, त्यानं केलेलं लपत नाई.”

“मग हे बघ.”

नीरजनं पाहिलं आणि भुवया वर केल्या. “यानं बूट काढले. याच्यासाठी गेम थांबवून, कपड्याच्या पेटीत जाऊन, बूट उतरवाचे लागतात. चार बटनं दाबाची लागतात. अन् बूट काढले की काटा टोचला तरी हिरोचा जीव कमी होते. कोणता बयताड असं करन?”

“तू खळ्यावर कसा जातोस?”

“पळत जातो. रास लाथेनं उडवली की खाली कधी कधी सोन्याचं नाणं भेटते.”

कोपऱ्यातून मंदाबाईंनी जिभेनं च् केलं. बारीकसं, भाजीत केस निघाल्यावर करतात तेवढं.

मंजुषानं तिकडं पाहिलं नाही. तिनं खिशातून पेन काढलं आणि नीरजच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला घेतलं. लिहिल्याशिवाय तिला विचार करता येत नसे. हा संघाच्या नोकरीचा परिणाम होता.

“आता ऐक,” ती म्हणाली. “खळ्यावर पायताण घालून जायचं नाही, हे कोणाला माहीत असतं? ज्यानं खळं पाहिलं त्याला. तू पाहिलंस?”

“आमच्याकडं थ्रेशर येते. वावरातच काम होते.”

“कैलासकडे?”

“त्याच्याकडं वावरच नाई.”

“आकांक्षा तुझ्याएवढीच. माझ्या घरीसुद्धा मी शेवटचं खळं पाहिलं तेव्हा पाचवीत होते. म्हणजे हा फोटो काढणारा माणूस गेमात येणाऱ्या पोरांपैकी नाही. पन्नाशीच्या पुढचा आहे. आणि त्याला सवय इतकी आहे की खोट्या खळ्यावरसुद्धा त्याचा पाय बूट घालून पडला नाही. चार बटनं दाबून त्यानं पायताण काढलं, जीव कमी झाला तरी.”

“आर्वीत पन्नाशीच्या पुढचे लय लोक हायेत, ताई.”

“आहेत. आता पीक बघ. हे काय आहे?”

“टमाटे.”

“आणि दर पाच-सहा ओळींनंतर ही पिवळी ओळ?”

“झेंडू. त्याचा गेमात काही उपयोग नाई. विकल्या जात नाई, खाल्ल्या जात नाई. लोक नुसते टमाटे लावतात.”

“टमाट्याच्या अळीला फसवायला झेंडू लावतात. कापूस आणि सोयाबीनवाला हे करत नाही, भाजीवाला करतो. गेममध्ये अळी आहे?”

“नाई.”

“तरी लावला. म्हणजे हा भाजीवाला आहे. पन्नाशीच्या पुढचा भाजीवाला, ज्याला तुझ्याकडं तासन् तास बसता येतं.” मंजुषानं पुढची ओळ लिहिली. “आता अर्ज. नावाचा रकाना कोरा. पण ‘शेत कोणाच्या नावे’ यापुढे ‘स्वतःच्या’. मला सकाळपासून वाटत होतं की हा कोणीतरी टवाळखोर आहे. टवाळखोरानं खोटं नाव टाकलं असतं. यानं खोटं काहीच लिहिलं नाही. जे लिहिता येत नव्हतं ते सोडलं, आणि जे लिहिलं ते अगदी जपून लिहिलं, एकेक अक्षर. आमचा नियम क्रमांक चार काय आहे माहीत आहे? छायाचित्र स्वतःच्या मालकीच्या शेताचेच असावे. हा माणूस नियम पाळत होता.”

 नीरज वहीकडं पाहत नव्हता, तिच्या खांद्यावरून मागं पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत होतं.

“शेवटचं,” मंजुषा म्हणाली. “एकची गाडी आत्ता गेली. गाडीसाठी थांबलेला माणूस गाडी गेल्यावर थांबत नाही. लाईनसाठी थांबलेला माणूस थांबतो.”

मग ती वळली.

“काकू,” ती म्हणाली, “तुमची गाडी गेली.”

“हाव,” मंदाबाई म्हणाल्या. “दिसलं मले.”

५

मंदाबाईंनी नाकबूल केलं नाही. टोपलं पायानं थोडं बाजूला सारलं.

“दीड वर्स झालं,” त्या म्हणाल्या. “गाडीले टाइम असे, म्हून बसो. एक दिवस याची गिऱ्हाइकं नव्हती. म्हणे, काकू, खेळून पाहता का? मी म्हटलं, मले तलवार नको. म्हणे, त्याच्यात वावर बी हाये.”

“राक्षस मारल्याशिवाय वावराले काही अर्थ नाई, असं सांगतलं होतं मी,” नीरज मध्येच म्हणाला. “राक्षस डोंगरावर बसून हाये, ताई. दीड वर्सापासून काकूची वाट पाहून राह्यला.”

“राहू दे. त्याचं काही बिघडत नाई.” मंदाबाईंनी पदर नीट केला. “तं यानं पुसलं, काकू, नाव काय टाकू? मी म्हटलं, कायचं नाव? म्हणे, वावराचं. पाटीवर येते.”

“मग?”

“मंग आलं.”

खाली कचोरीवाल्यानं कोणाला तरी सुट्ट्यावरून झापलं. 

“घरचं वावर तुमच्या काकायच्या नावानं,” मंदाबाई पुढं म्हणाल्या. “त्याच्या आधी सासऱ्याच्या. माहेरचं भावायच्या. अडतीस वर्सं मी निंदून राह्यली, तोडून राह्यली, इकून राह्यली. तुमच्या संघाचा कागद वाचला. सोताच्या मालकीचं पायजे लिवलं होतं. माह्या मालकीचं एकच वावर होतं, बाई. त्याचा फोटो देला.”

“आणि नाव का नाही लिहिलं?”

“नाव लिवलं असतं तं पेटी उघडल्याबरोबर फोन कोणाले गेला असता? मधुकररावाले. ते तुमच्या कार्यकारिणीतच बसतात.”

हे मंजुषाला माहीत होतं, पण आत्तापर्यंत त्याचा विचार करायची वेळ आली नव्हती. मधुकरराव ढोले, काकूंचे यजमान, कार्यकारिणी सदस्य, विषय कोणताही असो शेवटी एकदा ‘बरं’ म्हणणारे. तिनं वही मिटली. सव्वादोन झाले होते. गुन्हेगार सापडला होता, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला तो सापडला नसता तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

“काकू, मी नाव देत नाही.”

“मंग तुह्या नोकरीचं काय?”

“कारंज्याला ढाबा आहे भावाचा.”

“ढाब्यावर काय करशीन?”

“गल्ल्यावर बसीन.”

मंदाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. “गल्ला कोणाच्या नावानं हाये?”

मंजुषानं पेन परत खिशात ठेवलं.

“चाल,” मंदाबाई उठत म्हणाल्या. “मी येतो. पण माफी कायची मांगाची ते मले पयले समजावून सांग.”

६

तेच कार्यकारिणीला समजावून सांगता येईना. सात पुरुष गठ्ठ्यांवरच बसले होते, कारण खुर्च्यांना जागा उरली नव्हती. मंजुषानं सगळं सांगितलं : चेपलेला चंद्र, गवताची सात पाती, अनवाणी पावलं, झेंडू. मंदाबाई दाराशी उभ्या होत्या. मधुकरराव आपल्या बायकोकडं असे पाहत होते, जसं दुसऱ्या कोणाच्या घरी आपलं भांडं दिसावं.

“घरी तं सांगते की बस चुकली,” ते शेवटी म्हणाले.

“चुकतच होती,” मंदाबाई म्हणाल्या. “मी चुकवो.”

बापूराव टेबलावर बोट वाजवत होते. “यायचं सभासदत्व रद्द करा.”

“त्या सभासद नाहीत, साहेब. सभासद होण्यासाठी शेत नावावर लागतं.”

“मंग बक्षीस रद्द करा. फसवणूक केली म्हून.”

“कोणत्या नियमाखाली?” मंजुषानं पाचही नियमांचा कागद पुढं सरकवला. “कॅमेरा लागेल असं लिहिलेलं नाही. जिल्ह्यातलं शेत लागेल असंही लिहिलेलं नाही. एकच अट मालकीची आहे. आणि फसवणूक ठरवायची तर फसलं कोण, तेही इतिवृत्तात लिहावं लागेल. निवड कोणी केली ते नावानिशी.”

बोट थांबलं. बापूरावांनी कागद स्वतःकडं ओढला.

“मालकीचा पुरावा पायजे,” ते म्हणाले. “पुरावा असन तं कोणी दोषी नाई. नाई तं हाये. चला, पाहणी करू.”

असे सात पुरुष सव्वाचार वाजता नीरजचा लोखंडी जिना चढले. लाईन आली होती. चपला त्यांनी बाहेर काढल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पडदा उजळला. डोंगर, दोन चंद्र, टमाट्याच्या ओळी.

“पाणी कोणं सोडते याले?” एका सदस्यानं विचारलं.

“मीच,” मंदाबाई म्हणाल्या.

“ड्रीप नाई?”

“पाटानं देतो.”

यावर दोन-तीन जणांनी मान हलवली. पाटानं टमाट्याला पाणी जास्त होतं, असा त्यांच्यात बारीक वाद सुरू झाला. नीरजनं हिरो फाटकाकडं न्यायला घेतला. जवळचा रस्ता खळ्यावरून होता, आणि त्यानं नेहमीप्रमाणे त्याला तसाच पळवत नेला.

“पायताण काढ त्याचं,” मधुकरराव म्हणाले.

ते हळूच म्हणाले होते, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. नीरज थांबला. चार बटनं दाबून त्यानं बूट उतरवले. मग हिरो खळं ओलांडून फाटकाबाहेर गेला आणि वळला. पाटीवर तीन ओळी मावल्या असत्या. एकाच ओळीत लिहिलं होतं : मंदा.

मधुकरराव पडद्याजवळ गेले. चष्मा वर करून त्यांनी पाटी वाचली, मग शेत पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“किती हाये हे?” त्यांनी विचारलं.

“तीन एकर,” मंदाबाई म्हणाल्या. “अन् वरचं पडीत.”

बापूरावांनी घसा खाकरला आणि तिथंच, काऊंटरला टेकून, ठराव सांगायला सुरुवात केली. मंजुषा उभ्या उभ्या लिहीत गेली. सदर शेत श्रीमती मंदाबाई मधुकरराव ढोले यांच्या मालकीचे असल्याची कार्यकारिणीने समक्ष पाहणी करून खात्री केली. सबब नियम चारचा भंग झालेला नाही. सबब कोणी दोषी नाही, निवडकर्ते धरून. सबब विषय क्रमांक सात, करारनाम्यास अकरा महिने मुदतवाढ. सूचक बापूराव. अनुमोदक कोण, असं विचारल्यावर मधुकरराव पडद्याकडं पाहतच “बरं” म्हणाले. सात सह्या झाल्या. संघाचा गोल शिक्का मंजुषाच्या पर्समध्येच असायचा, तो उमटला.

“चंद्राचं काय कराचं?” कोणीतरी विचारलं.

“चतुर्थीले मोठा पाहाचा, म्हून सांगा,” बापूराव म्हणाले आणि जिना उतरले. मंजुषाच्या पर्समध्ये फोन वाजत होता. तिनं तो वाजू दिला.

“बाई,” मंदाबाई म्हणाल्या, “त्या कागदाची एक कापी मले भेटन का? शिक्क्याची?”

मंजुषा खाली जाऊन दोन झेरॉक्स काढून आली, आणि मग कोणी पाहत नाही असं बघून मूळ कागदच मंदाबाईंना दिला. झेरॉक्स फाईलला पुरणार होती. मंदाबाईंनी तो उलगडून वाचला, एकेक अक्षर. ‘यांच्या मालकीचे’ या शब्दांवर त्यांचं बोट जरा थांबलं. मग घडी करून त्यांनी तो ब्लाऊजमध्ये ठेवला.

बाकीचे सदस्य गेले होते. मधुकरराव दारात चपला घालून उभे होते.

“चाल,” ते म्हणाले. “सव्वापाचची गाडी हाये.”

“तुम्ही व्हा समोर.” मंदाबाई पडद्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि नीरजकडून बटनांचं यंत्र हातात घेतलं. “मले पाणी सोडाचं राह्यलं हाये.”

मधुकररावांनी जिन्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं. मग चपला पुन्हा बाहेर काढल्या, आत आले, रिकामं टोपलं उचलून मांडीवर घेतलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिले.